बीळ कुणाचं, बिऱ्हाड कुणाचं: आर्डवार्कच्या निमित्ताने सोलापूरचा माळ वाचायची रीत

इंग्रजी शब्दकोशाच्या अगदी सुरुवातीला भेटणारा आर्डवार्क आपल्याकडे रानात कुठेच नाही. तो आफ्रिकेतला, सहाराच्या खालच्या गवताळ आणि झुडपी मुलखातला. पण त्याचं आयुष्य ज्या दोन गोष्टींवर चालतं, म्हणजे वाळवी-मुंग्या आणि जमिनीतलं बीळ, त्या नान्नज-मार्डीच्या माळावर पावलोपावली आहेत. तिकडे जे काम एकटा गडी उरकतो ते इकडे चार-पाच जणांनी वाटून घेतलंय. खोकड खोदतं, साळिंदर खोदतं, घोरपड खोदते, घूस खोदते आणि मग त्या बिळांत भलतेच येऊन राहतात. म्हणून माळावरच्या कुठल्याही बिळापुढे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे: खोदलं कुणी, आणि सध्या राहतंय कोण? या दोन प्रश्नांचं एकच उत्तर धरून चाललं की पुढच्या सगळ्या नोंदी चुकतात.

निसर्ग मंडळ, शाळेचा वर्ग किंवा स्वतःच्या पडीक रानात हिंडणारा शेतकरी, कुणालाही दोन-तीन सकाळींत जमेल अशी ही पद्धत आहे. मध्येमध्ये आर्डवार्क येत राहील. खोदण्यासाठीच घडलेलं एक शरीर नीट समजलं की आपल्याकडच्या हौशी खोदणाऱ्यांच्या खुणा पटकन ओळखू येतात.

आधी तो गडी

शास्त्रीय नाव ओरिक्टेरोपस आफर. आफ्रिकान्स भाषेत आर्डवार्क म्हणजे ‘मातीतलं डुक्कर’, पण डुकराशी त्याचं नातं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊशी नाही आणि आपल्या खवल्या मांजराशीही नाही. ट्यूब्युलिडेंटाटा या गणात आज जिवंत असलेली ही एकच जात. दूरचे नातेवाईक शोधायचे तर हत्तीकडे जावं लागतं.

वजन साधारण 40 ते 65 किलो, म्हणजे ज्वारीच्या 50 किलोच्या कट्ट्याच्या आसपास. पुढच्या पायांना 4 बोटं, मागच्यांना 5, आणि नखं फावड्यासारखी चपटी, धारदार. खोदताना पुढच्या पायांनी माती सैल करतो, पोटाखाली ओढतो आणि मागच्या पायांनी झटकून टाकतो. जाड शेपूट टेकू म्हणून लागते. कान जवळजवळ 25 सेंटिमीटर लांब, पण बिळात शिरताना मागे दुमडून घेतो. नाकपुड्यांत दाट केस आहेत आणि त्या बंदही करता येतात, त्यामुळे माती नाकात जात नाही. मऊ जमिनीत दोन फूट खड्डा पंधरा सेकंदांत करतो, असं त्याच्याबद्दल नेहमी लिहिलं जातं. टिकाव घेतलेल्या माणसाने आपल्या मुरमात एवढ्या वेळात काय होतं ते करून बघावं.

दातांची गोष्ट तर आणखी वेगळी. मोठ्या आर्डवार्कला पुढचे दात आणि सुळे नसतात, फक्त दाढा. त्या दाढांवर इनॅमल नाही. एकेक दाढ म्हणजे बारीक षटकोनी नळ्यांची मोळी, एका दाढेत साधारण 1500 पर्यंत नळ्या. मुळं नसल्याने दाढा आयुष्यभर झिजतात आणि वाढत राहतात. गणाचं नाव या नळ्यांवरूनच पडलं. बारीक चावायचं काम बरंचसं पोटच करतं. जठराचा शेवटचा भाग कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या पोटासारखा जाड स्नायूंचा असतो. जीभ 30 सेंटिमीटरपर्यंत लांब आणि चिकट. एका रात्रीत 50,000 पर्यंत मुंग्या-वाळवी पोटात जाऊ शकतात.

कधी जायचं, काय न्यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ उत्तम. उजाडल्यापासून साधारण साडेआठपर्यंत ऊन तिरकं असतं, त्यामुळे ठशाच्या कडेला सावली पडते आणि ठसा उठून दिसतो. दहानंतर तोच ठसा सपाट वाटायला लागतो, फोटोत तर दिसतच नाही. पावसानंतर दोन-तीन दिवसांनी, वरची माती ओलसर पण न चिकटणारी असताना, सगळ्यात चांगले ठसे मिळतात. मे महिन्यात जायची हौस करू नका. सोलापूरचं ऊन तुम्हालाही सोसणार नाही आणि जमीन दगड झालेली असते.

जागा निवडताना एक पक्कं: 1979 पासून नान्नज परिसर माळढोक अभयारण्यात आहे. त्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. गायरान, ओढ्याचा काठ, शेताचा बांध, मुरमाची जुनी खाण पुष्कळ आहे. खाजगी रान असेल तर मालकाला विचारा. तो बहुतेक वेळा तुम्हाला माहीत नसलेली दोन बिळं स्वतः दाखवतो.

सामान थोडंच: 3 मीटरची पोलादी मोजपट्टी, फोटोत ठेवायला 15 सेंटिमीटरची पट्टी, वही-पेन्सिल, बॅटरी, बारीक पिठाची चाळण, अर्धा किलो प्लास्टर ऑफ पॅरिस, पाण्याची बाटली, पुठ्ठ्याच्या 4 सेंटिमीटर रुंद पट्ट्या, हातमोजे आणि हातभर लांब काठी. पायात घोट्याच्या वर येणारे बूट. माळावर घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. कठडा नसलेल्या जुन्या विहिरी गवतात दडलेल्या असतात, म्हणून बिळाकडे बघत उलटं चालणं बंद. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर.

पहिला प्रश्न: खोदलं कुणी

बिळात हात घालायचा नाही. काठीही नाही, धूर तर अजिबात नाही. सगळं वाचन बाहेरून होतं.

तोंडासमोर बसण्याआधी पाच-सहा पावलांवरून मातीचा ढीग बघा. सस्तन प्राणी मागच्या पायांनी माती फेकतो, त्यामुळे ढीग एकाच बाजूला पंख्यासारखा पसरतो. त्या पंख्याच्या मधोमध येण्या-जाण्याची चाकोरी पडलेली असते. घुशीचा ढीग ढेकळांचा, तोंडाला लागून आणि बऱ्याचदा तोंड बुजवणारा. मुंग्यांच्या भोकाभोवती रव्यासारख्या कणांची गोल कडी असते. ढीगच नसेल तर दोन शक्यता: बीळ जुनं आहे आणि माती पावसाने वाहून गेली, किंवा ते बीळच नाही. काळ्या रानात उन्हाळ्यानंतर पडलेल्या भेगा पहिल्या पावसात रुंदावतात आणि हुबेहूब बिळासारख्या दिसतात. ओळखायचं सोपं आहे: भेगेची बाजू उभी आणि खडबडीत राहते, बिळाची खालची बाजू अंग घासून गुळगुळीत होते.

ढिगाचा रंगही बोलतो. नान्नजकडच्या माळावर वर वीतभर माती, खाली पिवळसर मुरूम आणि काही ठिकाणी चुनखडीचे पांढरे खडे. ढिगात मुरूम आणि पांढरे खडे वर आलेले असतील तर खोदणारा बराच खोल गेलाय. वरचीच तांबूस-काळी माती असेल तर ते राहतं बीळ नसून खाण्यासाठी केलेली उकर असण्याची शक्यता जास्त.

हा फरक आर्डवार्कच्या अभ्यासातही पहिला मांडतात. तो तीन प्रकारची खोदाई करतो. वारुळावर किंवा मुंग्यांवर केलेला उथळ खड्डा, एक-दोन दिवस पडून राहायला केलेलं आखूड बीळ, आणि पिल्लासाठी केलेलं मोठं घर. मोठ्या घराला अनेक तोंडं असतात, बोगदे 13 मीटरपर्यंत लांब जातात. खड्डे मोजून ‘इतके आर्डवार्क’ असा हिशेब केला तर एकाच प्राण्याचे पंधरा प्राणी होतात. आपल्याकडे खोकडाच्या उकरींबाबत नेमकी हीच चूक होते.

आता माप. तोंडाची रुंदी आणि उंची दोन्ही घ्या, पण तोंडावरच नाही. तोंड पावसाने, जनावरांच्या खुरांनी झिजून मोठं होतं. बॅटरी मारून आत वीतभर अंतरावर जिथं बीळ सगळ्यात अरुंद दिसतं तिथला अंदाज घ्या: पट्टी बाहेर आडवी धरा, बॅटरीच्या उजेडात आतली रुंदी पट्टीवर जुळवा. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होईल, चालतं. खोदणाऱ्याचं अंग जेमतेम जाईल एवढंच बीळ असतं, फुकटची माती कुणी उपसत नाही.

ढोबळ अंदाज असे. दोन-तीन बोटं जातील एवढं गोल भोक माळावरच्या उंदराचं; जवळपास तशीच आणखी दोन-चार भोकं आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक पायवाटा दिसतात. मुठीएवढं, ढेकळांसकट, ते घुशीचं. रुंदीला जास्त, उंचीला कमी आणि तळ सपाट, म्हणजे आडव्या ठेवलेल्या अर्ध्या नारळासारखं तोंड असेल तर घोरपडीचा विचार करा. तिचे पाय अंगाच्या बाजूला असतात, म्हणून बीळ आडवं होतं. वीतभर रुंद, उंचीला तेवढंच किंवा किंचित जास्त, आणि एकाच टेकाडावर दोन ते सहा तोंडं: खोकड. फूटभर किंवा त्याहून मोठं, बांधात किंवा ओढ्याच्या काठात, तोंडाशी काटे पडलेले: साळिंदर. त्याहून मोठं आणि आसपास हाडं असतील तर मागे फिरा. ते तरसाचं किंवा लांडग्याचं असू शकतं आणि तिथं तुमचं काम संपलं.

ससा मात्र या यादीत कुठेच नाही. आपला ससा बीळ खोदत नाही, गवतात अंगापुरती खोलगट जागा करून बसतो. ‘सशाचं बीळ’ म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा खोकडाचं असतं. तीच गत नागाची. साप खोदत नाही, उंदराच्या बिळात शिरतो.

दुसरा प्रश्न: राहतंय कोण

आफ्रिकेत आर्डवार्कने सोडलेल्या बिळांत साळिंदरं, तरसं, रानकुत्रे, अजगर असे कितीतरी प्राणी राहतात. तिथलं रानडुक्कर, ज्याला वॉर्टहॉग म्हणतात, ते संध्याकाळी त्याच बिळात मागल्या पायांनी उलटं शिरतं, म्हणजे सुळे दाराकडे राहतात. आर्डवार्क कमी झाला की या सगळ्यांची घरं कमी होतात.

इकडे खोकडाच्या जुन्या बिळात मुंगूस, साप, घोरपड, कुणीही सापडतं. भटकी कुत्री तेच तोंड उकरून मोठं करतात आणि पिल्लं घालतात. मग माप साळिंदराएवढं येतं आणि ठसे कुत्र्याचे. अशा वेळी मापावर अडून बसू नका.

पहिली चाचणी बघण्याची. तोंडावर कोळ्याचं जाळं, वाळका पाला, कडेला उगवलेलं गवत म्हणजे काही दिवस कुणी गेलेलं नाही. माश्या घोंगावताहेत, ताजी ओलसर माती, गुळगुळीत कडा, वास, यांचा अर्थ उलटा. पण खवल्या मांजराच्या बाबतीत हा नियम फसतो. आपल्याकडे ते मुख्यतः कोकण-सह्याद्रीत भेटतं, आत गेलं की मागून माती लोटून बीळ बंद करतं. आर्डवार्कही तेच करतो, वर हवेपुरती फट ठेवतो. त्यामुळे बुजलेलं बीळ म्हणजे रिकामं बीळ, असं सरसकट लिहू नका.

दुसरी चाचणी काड्यांची. कुसळी गवताच्या वीतभर लांब वाळक्या काड्या घ्या. दिवस मावळायच्या आधी तोंडाच्या बाहेर, एका ओळीत, 5 सेंटिमीटर अंतराने, 2 सेंटिमीटर खोल खोचा. सकाळी बघा. काड्या बाहेरच्या बाजूला पडल्या तर कुणी बाहेर गेलं, आतल्या बाजूला पडल्या तर कुणी आत आलं, दोन्हीकडे विस्कटल्या तर ये-जा झाली. एकही पडली नाही तरी उंदीर दोन काड्यांमधून जातो, हे ध्यानात ठेवा. खोकडाच्या बिळाला सगळ्या तोंडांवर एकाच संध्याकाळी काड्या लावाव्या लागतात. एका तोंडावर लावून ‘रिकामं आहे’ म्हणणारा हमखास फसतो, कारण कुटुंब मागच्या दाराने ये-जा करतं. वाऱ्याचा दिवस असेल तर शेजारच्या उघड्या जमिनीवर तशाच चार काड्या साक्षीला लावा. त्या पडल्या तर सगळीच चाचणी बाद.

तिसरी चाचणी चाळलेल्या मातीची, आणि खरी माहिती हिच्यातूनच मिळते. जवळच्याच ओढ्यातली वाळलेली गाळमाती पिठाच्या चाळणीने चाळून घ्या. तोंडापासून फूटभर अलीकडे, ये-जा करायच्या चाकोरीवर, साधारण 60 बाय 60 सेंटिमीटर जागेत 3 ते 4 मिलिमीटर जाडीचा थर पसरा. फळीच्या कडेने सपाट करा. मग कोपऱ्यात स्वतःचा अंगठा दाबा. अंगठ्याच्या रेषा उमटल्या तर माती जमली. नुसता खळगा पडला तर माती जाड आहे, पुन्हा चाळा. थर जाड झाला की ठसा आत ढासळतो, पातळ झाला की खालचे खडे दिसतात. निव्वळ काळी माती घेऊ नका, पहाटेच्या दवाने ती चिकट होते आणि ठशासकट पायाला लागून जाते. सूर्य उगवायच्या आधी पोचा, नाहीतर शेळ्या पोचतात.

सकाळी काय दिसतं? खोकडाचा ठसा लहान, 4 ते 5 सेंटिमीटर लांब, चार बोटं, नखांच्या खुणा, आणि पावलं जवळजवळ एका सरळ रेषेत. कुत्र्याची पावलं पसरट असतात आणि चाल वाकडीतिकडी, इकडे हुंग तिकडे हुंग. घोरपडीच्या दोन्ही बाजूंच्या नखाळ पंज्यांच्या मधून शेपटीची नागमोडी रेघ जाते. साळिंदराचं पाऊल सबंध टाचेसकट उमटतं आणि मागे काट्यांनी खराटा फिरवल्यासारख्या बारीक रेघा राहतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा उघड मोठा असतो. साप असेल तर एकच पट्टा, पाय नाहीत. असा पट्टा आत गेलेला दिसला आणि बाहेर आलेला दिसला नाही, तर त्या दिवशी तोंडापाशी बसायचं नाही.

ठशाचा साचा

फोटो पुरतो, पण वर्गात दाखवायला साचा हवा. पुठ्ठ्याची पट्टी ठशाभोवती कडी करून 1 सेंटिमीटर जमिनीत दाबा. खोकडाच्या एका ठशाला एक वाटी पावडर आणि अर्धी वाटी पाणी पुरतं. आधी पाणी, मग त्यात पावडर भुरभुरत टाका. उलटं केलं की गुठळ्या होतात. अर्धा मिनिट हलकेच ढवळा, फेटू नका, फेटल्याने हवा शिरते आणि साच्याला भोकं पडतात. धिरड्याच्या पिठासारखं झालं की ठशावर थेट न ओतता कडेला ओता आणि आपोआप आत वाहू द्या. धुळीतला ठसा असेल तर आधी चिमूटभर कोरडी पावडर चाळणीने त्यावर शिंपडा, वरून पाण्याचा बारीक फवारा मारा, एक पातळ पापुद्रा धरतो. मग ओता. ही पायरी टाळली की प्लास्टरबरोबर धूळ वाहते आणि हाती गुळगुळीत बिस्कीट येतं.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, ते ठीक आहे. अर्ध्या तासाने भोवतालच्या मातीसकट उचला. लगेच घासू नका. एक दिवस सुकू द्या, मग जुन्या टूथब्रशने धुवा. उरलेलं प्लास्टर माळावर ओतून येऊ नका.

वाळवीकडे वळा

आर्डवार्कला बीळ कळतं तेवढीच वाळवी कळते. तो नाक जमिनीला लावून वाकडातिकडा चालत जातो, एका रात्रीत साधारण 2 ते 5 किलोमीटर. वास लागला की थांबतो, खोदतो, जीभ घालतो, पुढे जातो. जाड कातडीमुळे सैनिक वाळवीचे चावे त्याला फारसे लागत नाहीत.

आपल्याकडे ज्याला वारूळ म्हणतो ते वाळवीने बांधलेलं असतं, मुंग्यांनी नाही आणि नागाने तर नाहीच. नागपंचमीला पूजा नागाची होते, घर मात्र वाळवीचं. ही वाळवी आत बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवतात त्या त्याच बुरशीच्या.

वारूळ फोडू नका. बघायचं ते झाडाच्या खोडावर किंवा वाळलेल्या शेणावर बघा, जिथं वाळवीने मातीचा पापुद्रा चढवलेला असतो. सकाळी लवकर, काठीच्या टोकाने त्या पापुद्र्याचा नखाएवढा तुकडा उचला आणि घड्याळ लावा. क्षणात फिकट कामकरी आत पळतात. मग मोठ्या डोक्याचे, तपकिरी जबड्यांचे सैनिक भगदाडाच्या कडेला येऊन डोकी बाहेर काढून उभे राहतात. मागून कामकरी तोंडात ओल्या मातीचा कण घेऊन येतो, कडेला चिकटवतो, वळतो, जातो. दुसरा येतो. भगदाड कडेकडून आत मिटत येतं. किती मिनिटांत पुरं झालं ते लिहा. दुपारी तीच जागा उकरून बघितली तर बऱ्याचदा आत कुणीच नसतं, सगळे खाली गारव्याला गेलेले. आर्डवार्क दिवस मावळल्यावर का निघतो, याचं निम्मं उत्तर इथं मिळतं.

उरलेलं निम्मं उन्हात आहे. काड्यांच्या चाचणीत सलग पाच रात्री रिकामं ठरलेलं बीळ निवडा. लांब बांबूच्या टोकाला साधं तापमापक बांधून एक मीटर आत सरकवा, दहा मिनिटांनी काढून लगेच वाचा. मग बाहेर सावलीतलं वाचा. एप्रिलच्या दुपारी हा फरक बघितला की दिवसभर बिळात पडून राहणारा प्राणी आळशी वाटत नाही. बिळात बाहेरून घालायची ही एकच गोष्ट, आणि तीही फक्त अशा रिकाम्या बिळात.

हिवाळ्यात मात्र आर्डवार्क वेळापत्रक बदलतो. दक्षिण आफ्रिकेतल्या थंड, कोरड्या काळात तो दुपारीच बाहेर पडतो, कधी बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतो. खाणं कमी पडलं की अंग गरम ठेवायला इंधन पुरत नाही. कालाहारीत 2012-13 च्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला. गवत वाळलं, गवतावर जगणारी वाळवी संपली, आणि अभ्यासासाठी तापमापक बसवलेल्या 6 आर्डवार्कांपैकी 5 मेले. मरण्याआधी त्यांच्या अंगाचं तापमान 25 अंशांपर्यंत उतरलं होतं. भोवती पाणी नव्हतं म्हणून ते मेले नाहीत. पाणी तसंही त्यांना मुख्यतः वाळवीतूनच मिळतं. ज्या जिल्ह्यात 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी अजून घराघरांत निघतात तिथं वैरण गेली की काय काय जातं हे वेगळं सांगायला नको.

विष्ठा

हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही, नाकाजवळ न्यायची नाही. काडीने फोडा. खोकडाच्या विष्ठेत किड्यांची चकचकीत कवचं, वाळवीची डोकी, उंदराचे केस आणि थंडीत बोरांच्या आठळ्या मिळतात, आणि ती बहुतेक उंचवट्यावर, दगडावर टाकलेली असते. तरसाची हाडांमुळे पांढरी पडते. घोरपडीच्या विष्ठेला एका टोकाला खडूसारखा पांढरा भाग असतो.

आर्डवार्क आपली विष्ठा खड्डा करून पुरतो. तिच्यात माती भरपूर असते, कारण जिभेबरोबर ती पोटात जातेच. त्याच्या आहारात एकच फळ महत्त्वाचं: काकडीच्या कुळातलं, जमिनीखाली पिकणारं, कुकुमिस ह्युमोफ्रक्टस. तो ते उकरून खातो, पाणी मिळतं. बिया विष्ठेतून खतासकट पुरल्या जातात. त्या वेलीला पेरणी करणारा दुसरा कुणी नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे बोराच्या आठळ्या माळभर टाकत हिंडणारं खोकड हे काम निष्काळजीपणे करतं, पण करतं.

कुठं थांबायचं

आर्डवार्कची मादी सुमारे 7 महिन्यांनी एकच पिल्लू देते, दोन किलोच्या आतबाहेरचं, अंगावर केस नसलेलं. ते दोन आठवडे बिळातच असतं. सहा महिन्यांचं झालं की स्वतःचं बीळ खोदतं. एवढ्या संथ हिशेबात एक पिल्लू गेलं तरी मादीचं वर्ष फुकट जातं.

खोकडाची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, लांडग्याची थंडीत. या काळात तोंडाशी लहान ठसे, चघळलेली चप्पल, हाडाचे तुकडे किंवा कोंबडीची पिसं दिसली तर 50 मीटर मागे या आणि परत जाऊ नका. तुमच्या वासाने आई पिल्लं हलवते, आणि हलवताना ती कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. बिळाचा फोटो टाकायचा तर ठिकाण काढून टाका. गटावर लोकेशन गेलं की दुसऱ्या दिवशी तिथं मोटारसायकली असतात. जखमी प्राणी, फासे किंवा धूर दिलेलं बीळ दिसलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. साळिंदरापासून घोरपडीपर्यंत सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतात.

आणि शेतकऱ्याचा नेहमीचा प्रश्न: बांधात साळिंदराने पाडलेल्या बिळातून पाणी फुटतंय, काय करायचं? आधी पाच रात्री सगळ्या तोंडांवर काड्या लावा. एकही रात्र हलल्या तर हात लावू नका, वनरक्षकाला बोलवा. पाचही रात्री जागच्या जागी राहिल्या तर आत आधी डोक्याएवढे दगड, मग मुरूम, मग ओली चिकण माती असं थराथराने ठोकून भरा. नुसती माती लोटली की पहिल्याच पावसात बसते आणि बांध त्याच जागी पुन्हा फुटतो. भराव मृगाच्या आधी करा, आणि त्यावर घायपात किंवा गवताचे ठोंब लावून टाका.